काकांची शुभ सकाळ अन् अडकलेला मेल

तवा मले बालाघाटच्या त्या राईस मिलच्या ऑफिसात लागून तीनच महिने झालते. किरनापुरहून बसनं यायची. कामाचं नाव कॉम्प्युटर ऑपरेटर, पण प्रिंटर अडला तरी मी, इंटरनेट गेलं तरी मी, अन् कंपनीचा मेल सर्वर तो बी माह्याच गळ्यात. सर्वर म्हणजे कोपऱ्यातला एक काळा डबा. त्याच्यावर डिस्पॅचवाले काका आपली टोपी ठेवत.

काका म्हणजे मिलमधला जुना माणूस. कोणता माल कोणत्या गाडीत, बिल्टी म्हणजे गाडीसोबतची मालाची पावती कोणाच्या नावानं, सगळं त्याईच्या हातात. सकाळी मी आली का "जय भीम पोरी" म्हणत अन् माह्या टिफिनमंधी काय हाये ते पाहून घेत.

त्या दिवशी सकाळीच शेठ दारात उभे. शेठ हिंदीतच बोलत.

"चिन्नोर की लैब रिपोर्ट भेज दे केरल वाली मैडम को। आज पाँच बजे तक। पाँच के बाद उनका पोर्टल बंद।"

मले मालूम होतं ह्या रिपोर्टावर काय अडकलं हाये ते. शेठनं दिवाळीलेच सांगतलं होतं, बाहेरचा एखादा मोठा गिऱ्हाईक जुळला तं ठीक, नाही तं उन्हाळ्यापासून डिस्पॅचचं काम गोंदियाच्या एजंटाले. म्हणजे काकाचं टेबल उठणार. अन् केरळच्या ह्या बाई काकानंच जुळवल्या होत्या. आपल्या चिन्नोर तांदळाचा नमुना त्याईले लय आवडला होता. आता फक्त रिपोर्ट.

मी टकाटक टाईप केलं, फाईल जोडली, पाठवलं. दोन मिनिटांत मेल परत. पुन्हा पाठवलं. पुन्हा परत! मी परत आलेला मजकूर वाचलाच नाही, सरळ सर्वर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला. केबल काढून लावली. माह्या हाताले दम नाहीच ना. अर्धा तास असा गेल्यावर अक्कल आली का बाई, आधी वाच तं खरी.

त्याच्यात लिहिलं होतं, तुमच्या सर्वरवरून नको असलेले मेल ढिगानं येऊन राह्यले, म्हणून त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं हाये.

बाप्पा! आमचं नाव? आमी तं दिवसाचे वीस मेल पाठवतो.

"मेरे जीमेल से भेज दूँ?" मी शेठले इचारलं.

"नहीं रे। उनका सिस्टम कंपनी के पते के अलावा कुछ लेता ही नहीं।"

मंग मी बाहेर जाणाऱ्या मेलची रांग उघडली. आत येणारे मेल बरोबर येत होते, ऑफिसातल्या ऑफिसात बी जात होते, फक्त बाहेर जाणारे अडकले होते. अन् रांगेत पाह्यलं तं हजारानं मेल उभे! सगळे काकाच्या कॉम्प्युटरवरून.

"हॅक झालं!" मी एवढ्या जोरानं ओरडली का बाहेर पोते मोजणारे बी थांबले. धावत गेली अन् काकाच्या कॉम्प्युटरची केबल उपटली.

काका चहा पिऊन राह्यलते. बशी तशीच हातात.

"काहून वं पोरी, माह्या मशीनची नाळ तोडली?"

"काका, तुमच्या मशीनमधे व्हायरस हाये. हजारो मेल पाठवून राह्यला तो."

"कोणते मेल?"

मी एक उघडून दाखवला. तळ्यातल्या कमळाचा फोटो, खाली लिहिलेलं, शुभ सकाळ.

काका हासले. "हे? हे तं मीच पाठवतो ना."

मी खाली बसली.

काकाचं असं होतं, का रोज मिलमधे यायच्या आधी तळ्याकाठी जायचं, कमळाचा, नाही तं बगळ्याचा, नाही तं नुसत्या पाण्याचा फोटो काढायचा, अन् व्यापाऱ्यांले पाठवायचा. "आपण कोणाले इचारलं नाही तं कोण आपल्याले इचारणार?" हे त्याईचं ठरलेलं वाक्य. आधी एकेकाले पाठवत, दहा-बारा लोकांले. पण आता तं टेबलाच्या खणातले सगळे कार्ड, जुन्या डायऱ्या, वीस वर्षांत मिलमधे जो कोणी येऊन गेला तो प्रत्येक माणूस त्या यादीत होता. अर्धे पत्ते कवाचेच बंद पडले असतील.

"पण काका, एवढ्या लोकांले एकाच वेळी कसं काय पाठवता?"

"तूच तं शिकवलं ग्रुप बनवायले. मागच्या महिन्यात. म्हणली का नाही, काका एक बटण दाबा, सगळ्याईले जाईल?"

हौ. मीच शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, एवढ्या हौसेनं, का काकाचा डबा खाता खाता त्याईचे सगळे कार्ड बी मीच टाईप करून दिलते.

शेठले काय सांगू? म्हणजे काकाचं टेबल उठलं तं ते माह्यामुळं.

"काका, चूक माही हाये," मी म्हणली.

"आधी मेल जाऊ दे, चूक मंग वाटून घेऊ," काका म्हणले अन् स्वतःची खुर्ची माह्याजवळ ओढली.

रांग साफ करता करता दोन वाजत आले. काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज भरला. उत्तर आलं, एक दिवस लागू शकते. आमच्याजवळ होते तीन तास.

मंग सुचलं, का आपल्या सर्वरनं सरळ पाठवायच्या ऐवजी वेबसाईटवाल्या कंपनीच्या सर्वरमधून पाठवू. पत्ता आपलाच राहते, गाडी दुसऱ्याची. त्याच्यासाठी आपल्या नावाखाली इंटरनेटवर एक नोंद टाकावी लागते, का बाबा ह्या सर्वरले आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी हाये. मी फटाफट नोंद टाकली, अर्धा तास थांबली, मेल पाठवला.

परत! आता म्हणे, पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही.

मले रडूच येऊन राह्यलं होतं. काका म्हणले, "काय केलं ते मले समजावून सांग. हळू. तू बोलते तं मालगाडी गेल्यावानी वाटते."

मी सांगतलं. आधीच्या माणसानं एक नोंद टाकलेली होती, त्याच्यात आपला सर्वर. आता मी त्याच्या खाली दुसरी टाकली, त्याच्यात नवा सर्वर.

"म्हणजे एका गाडीच्या दोन बिल्ट्या?"

"हौ, तसंच समजा."

"मंग नाक्यावर अडकलीच समज. दोन बिल्ट्या पाह्यल्या का नाकेवाला दोन्ही खोट्या समजते. लांजीच्या रस्त्यावर आपली गाडी तशीच अडकली होती एकदा, दिवसभर. एकच बिल्टी बनव, तिच्यातच दोन्ही लिही."

मी काकाकडे पाह्यलं. मंग शोधलं. अन् खरंच! नियमच होता तो, अशी नोंद एका नावाले एकच. दोन असल्या का दोन्ही बाद.

दोन्ही मिळून एक केली. ह्या वेळी एकेक अक्षर वाचून, काकाले ऐकवून. मंग थांबलो. चार वाजले. शेठ दोनदा येऊन गेले. सव्वाचारले मी स्वतःच्या फोनवर एक मेल पाठवून पाह्यला. टिंग! आला! मी खुर्चीवरून उडाली, काकाची टोपी खाली पडली.

मंग रिपोर्ट पाठवला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. परत नाही आला. पण पोचला का नाही ते कसं समजल? काका टोपी झटकत बसले.

पावणेपाचले उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मी वाचून सांगतलं.

"रिपोर्ट मिळाला, वेळेत हाये, सगळं ठीक दिसते. पयल्या गाडीची तारीख सोमवारी ठरवू. अन् काका, पुढं लिहिलं हाये, आज तुमचं फूल नाही आलं, तब्येत बरी हाये ना?"

काकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"क्या हुआ?" शेठ दारातून.

"गाडी पूछ रही हैं मैडम," मी म्हणली. "सोमवार को तारीख देंगी।"

शेठनं काकाकडे पाह्यलं. "तो फिर गोंदिया वाले को मना कर देता हूँ," एवढंच म्हणले अन् गेले.

मी केबल परत जोडली. काका आपल्या कॉम्प्युटरवर बसले. यादी काढून टाकली, अन् एकट्या बाईंचा पत्ता दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधून टाकू लागले. सकाळचंच कमळ जोडलं. मले एवढी घाई होऊन राह्यली होती का मी तं दहा सेकंदात टाईप केलं असतं. पण मी हात मांडीखाली दाबून बसली.

"संध्याकाळ झाली ना आता," काका थांबले. "शुभ सकाळ चालते का?"

"चालते काका," मी म्हणली. "पाठवा."