बेपत्ता फौजी

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या बेपत्ता फौजीचं प्रकरण मनातून जात नाही. कारगिलनंतरचा काळ. नाशिकमधल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. मखमलाबादकडे फुलशेती करणारी एक बाई तक्रार घेऊन आली.

"साहेब, आमचे हे फौजेतून घरी येऊन वर्षबी नाय झालं. सकाळी झेंडू घेऊन मार्केटला गेले, ते आलेच नाय."

नातेवाइकांकडे ती आधीच शोधून आली होती. हरवल्याची नोंद घेतली. शेजाऱ्यांकडून कळलं, आदल्या दिवशी धाकट्या भावाशी त्याचं जोराचं भांडण झालं होतं. सामाईक जमीन, त्यामुळे घातपाताचा संशय आलाच. भावाला बोलावून कसून चौकशी केली. तो एकदम रडायला लागला.

"मी एवढंच म्हणलो साहेब, दादा, तू पाहुण्यावानी राहतो. तुझ्यावाचून सगळं चालतंय."

हा माणूस खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात द्वारका चौकातल्या एका रिक्षावाल्याने खबर दिली. तशा वर्णनाचा माणूस फुलांची रिकामी पाटी घेऊन इगतपुरीच्या जीपमध्ये बसला होता. मी बाईंना विचारलं, "तिकडे कोण आहे तुमचं?"

"आमचं कुणी नाय. त्यांच्या पलटणीतला जोडीदार हाय. सुरुंगात पाय गेला त्याचा."

तिलाच सोबत घेऊन इगतपुरी गाठली. त्या जोडीदाराची आई वारली होती, एका खोलीत तो एकटाच राहायचा. आमचा फौजी स्टोव्हपाशी भात ढवळत होता. वर्दी पाहताच ताठ उभा राहिला.

"घरी कळवायचं तरी!" मी चिडून म्हणालो.

"काय कळवू साहेब? घरी माझं कुणाला काम नाय, याला हाय. हा झोपेत ओरडतो तेव्हा का ओरडला ते मला विचारावं लागत नाय. माझंबी तसंच होतं, ते यालाच कळतं."

बाई दारात उभी राहून ऐकत होती. जोडीदाराकडे वळून म्हणाली, "भाऊजी, सामान भरा. फुलं बसून ओवता येतात."

"वहिनी, ओझं होईल माझं."

"यांना हुडकत फिरण्यापरीस बरं!"

पहिल्यांदा दोघं फौजी हसले. जीपमध्ये मागे बसून नाशिक येईपर्यंत त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. नवऱ्याला इतकं बोलताना बाई बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती. पुढे कित्येक वर्षं दोघं पंचवटीच्या बाजारात शेजारी बसून हार विकताना दिसायचे.

तेव्हापासून कुणी बेपत्ता झालं की घरच्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, हा माणूस मोकळेपणाने बोलतो कुणाशी? बऱ्याच घरांना त्याचं उत्तर देता आलं नाही.