चार घरांची तूरडाळ

रविवारी सकाळी मी नाहूरच्या आमच्या घरी दहा किलो तूरडाळ घेऊन आले. घरात माणसं तीन... मी, माझा नवरा निखिल आणि माझ्या सासूबाई. त्यातही निखिल आमटी दिसली की तोंड वाकडं करतो.

सहा वर्षं कॅनडात काढून आम्ही चार महिन्यांपूर्वी परत आलो. आईंना एकटं ठेवायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तिकडे करमेनासं झालं होतं. पण आल्यापासून या स्वयंपाकघरात मी पाहुणीसारखीच वावरत होते. पोह्यांचा डबा कुठे, हेसुद्धा रोज विचारायचं... आई न बोलता काढून द्यायच्या आणि मला उगाच नापास झाल्यासारखं वाटायचं.

म्हणून या महिन्यात मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "आई, वाण्याला फोन करू नका. सामान मी आणते. तिकडे सहा वर्षं मीच आणत होते!" आईंनी चष्म्यावरून बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" फार काही सांगून जातं.

मुलुंडला एक मोठं घाऊक दुकान आहे, तिथे गेले. छतापर्यंत रॅक बघून जीव हरखला... अगदी तिकडच्या वेअरहाऊससारखं! तिकडे मेंबरशिप कार्ड दाखवून आत जायचं आणि बाहेर पडताना दारातला माणूस बिलावर मार्करने रेघ ओढायचा. इथे पर्सला दारातच प्लास्टिकची पट्टी बांधली आणि आत एक आजोबा तांदळाचा दाणा दाताखाली धरून त्याची पारख करत होते. त्यांनी मान हलवून पसंती दिली म्हणून मीही तोच तांदूळ घेतला.

मग काय, सुटलेच मी! डाळ, शेंगदाणे, रवा, गूळ... हात आपोआप मोठ्या पिशवीकडे जात होता. येताना रिक्षावाल्याने विचारलं, "क्या मॅडम, दुकान टाकताय काय?" मी हसले. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पाडला निखिलने. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. तो दारात उभा राहून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मेधा, अगं हे आपलं शनिवारचं सामान आहे."

शनिवारचं सामान म्हणजे... कॅनडात, ब्रॅम्प्टनला आम्ही चार मराठी घरं दर शनिवारी एकत्र खरेदीला जायचो. एवढाल्या पिशव्या एका घराला कशा संपणार? मग पार्किंगमध्येच गाडीची डिकी उघडायची, किचनचा छोटा वजनकाटा ठेवायचा आणि चार वाटे करायचे. थंडीने बोटं बधिर व्हायची, रवा बर्फात सांडायचा आणि आम्ही चौघी खिदळत असायचो.

सहा वर्षांची सवय. मी चार घरांचं सामान भरून आणलं होतं... आणि बाकीची तीन घरं राहिली होती ब्रॅम्प्टनला. शिवाय या पावसाळी हवेत एवढा रवा टिकणार कसा? त्या पसाऱ्यात मी फतकल मारून बसले आणि चक्क रडले.

तेवढ्यात आई आल्या. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी डोळे पुसून तयार झाले. त्यांनी पिशव्यांवरून नजर फिरवली आणि निखिलला म्हणाल्या, "माळ्यावरचा तराजू काढ रे."

घरात तराजू आहे हे मला माहीतच नव्हतं! लोखंडी, दोन पारड्यांचा, वजनांसकट. बिल्डिंग नवीन होती तेव्हा मजल्यावरची चारही घरं दर मे महिन्यात वर्षाचं धान्य मिळून भरायची म्हणे. टेम्पोने पोती यायची, पॅसेजमध्ये चटई टाकून वाटणी व्हायची आणि मग सगळ्या जणी बसून डाळीला एरंडेल चोळायच्या. पुढे सामान फोनवरून यायला लागलं... आणि तराजू माळ्यावर गेला.

आई तशाच अनवाणी पॅसेजमध्ये गेल्या आणि तिन्ही घरांच्या बेल वाजवल्या. "शुभदा, डबे घेऊन ये गं! माझ्या सुनेने तूर आणलीय. बघ तरी, दाणा कसा आहे!"

समोरच्या शुभदाकाकू दोन डबे काखेत मारून धावतच आल्या. "किती वर्षांनी हाक मारलीस! मला वाटलं, तुझा तराजू भंगारात गेला."

"होता गं घरात," आई म्हणाल्या, "निमित्त नव्हतं."

तराजू माझ्याच हातात दिला. मी काटा अगदी मधोमध आणायला धडपडत होते, तर आई म्हणाल्या, "पारडं जरा झुकू दे की. आपलीच माणसं आहेत." पॅसेजमध्ये नुसता कल्ला! रवा इथेही सांडला. फोटो ब्रॅम्प्टनच्या मैत्रिणींना पाठवला, तर तिघींचं एकच उत्तर... "यार, आम्हाला तिकडे यायचंय!"

आमच्या वाटणीचं सामान मी डब्यांत भरलं आणि मला सुचेल तसं लावून टाकलं. आईंनी बघितलं, पण एकही डबा हलवला नाही.

आज सकाळी मी ऑफिसचा कॉल घेत बसले होते, तर स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला... "मेधा, शेंगदाणे कुठे ठेवलेस गं?"

कॉल म्यूट केला आणि ओरडून सांगितलं, "खालच्या कपाटात आई, डाव्या हाताला!" चार महिन्यांत पहिल्यांदा या घरातली एखादी वस्तू कुठे आहे, हे मला विचारलं गेलं होतं. इतका आनंद झाला म्हणून सांगू... पुढची पाच मिनिटं कॉलवर कोण काय बोलत होतं, मला काहीही कळलं नाही.