पानवेलीतला सायबॉर्ग

गेल्या रविवारी बोईसरजवळच्या माहीमला हेमंतच्या वाडीत गेलो होतो... मन अजून तिथेच आहे.

आधी माझं खूळ सांगतो. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी सायबरपंक गोष्टी लिहितो. निऑन दिव्यांची शहरं, मेंदूत चिप, अर्धी माणसं अर्धी यंत्रं असलेले सायबॉर्ग... बायको म्हणते, आधी घरातला मिक्सर दुरुस्त करा.

हेमंत माझ्याच शिफ्टचा. बाईकच्या अपघातात त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. आता नवा पाय बसलाय, गुडघ्यात कॉम्प्युटर असलेला. उतार आला की आपोआप ओळखतो, मोबाईलसारखा चार्जिंगला लावावा लागतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी येड्यासारखा त्याच्याभोवती फिरलो होतो.

पण रविवारी मामला वेगळा होता. वडील गेल्यापासून त्यांची पानवेल, म्हणजे विड्याच्या पानांचा मळा, आई एकटीच बघते आणि आता तिच्याने होत नाही. हेमंतला आत वावरता आलं तर ठीक, नाहीतर वाडी दुसऱ्याला कसायला द्यायची, असं ठरलं होतं.

अडचण अशी, की पानवेलीत चपला-बूट चालत नाहीत. देवघरात जावं तसं पाय धुऊन अनवाणीच शिरायचं. आणि हा पाय तर बुटाच्या टाचेच्या हिशोबाने जुळवलेला! हेमंतने बूट काढला मात्र, तो मागे कलला. मी धरला म्हणून बरं.

त्याच्या आईचा, काकूंचा, चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे रे," त्या म्हणाल्या, "भायेरनंच बघ."

मला राहवेना. म्हटलं, "काकू, त्या पायात बूट असू द्या की. तो काय खरा पाय आहे?" गेलो मदत करायला आणि काय बोलून बसलो, ते हेमंतच्या तोंडाकडे बघून कळलं.

तो कुंपणाला टेकून वाकला, घोट्याजवळचं बटण दाबलं आणि पाऊल जमिनीवर सपाट बसवलं. अनवाणी चालायची ही सोय त्याला पाय बसवतानाच दाखवली होती म्हणे... पण बुटाशिवाय तो आजवर कुणासमोर उभाच राहिला नव्हता.

सरळ उभा राहिला. कुठलाही आधार न घेता. 

तो आत पाऊल टाकणार, इतक्यात काकू तांब्या घेऊन आल्या. "थांब. दोनी पाय पुढं कर."

मी ओरडलोच, "काकू, आत बॅटरी आहे!"

"पाय हाय ना त्यो? मग धुवाया नको?"

आणि ओतलं सुद्धा! आधी डाव्या पायावर, मग त्या काळ्या पावलावर. खाली बसून टाचेची मातीही हाताने चोळून काढली. हेमंतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "चालतं रे त्याला पाणी," तो मला कसाबसा म्हणाला.

मग दोघं आत गेले. काकू सुटलेल्या वेली दाखवत होत्या आणि तो एकेक बांधत होता. वाडी कुणाला द्यायची, हा विषय परत निघालाच नाही.

इतकी वर्षं मी माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं यावर पानंच्या पानं खरडतोय. काकूंना तो प्रश्न पडलाच नाही... पोराचे पाय तेवढे त्यांना दिसले.

बऱ्याच वेळाने आतून काकूंची हाक आली, "तू का तिकडं उभा? ये की!" मी खाली पाहिलं. बूट घालून बाहेर राहिलेला मी एकटाच होतो.