चांदणीच्या पत्त्यावरची खूण

पिंपळनेरचे हिलाल नाना पंचवीस-तीस वर्षं शाळाशाळांतून लोकांच्या मनातलं ओळखत हिंडले, आणि घरी बायकोला काय हवंय ते त्यांना कळेना. हसू नका. मी त्यांचा शेजारी, मीही आधी हसलो होतो.

खेळ साधा. पत्ते पाच: चांदणी, गोल, फुली, चौकोन, लाटा. पोरांपैकी एकाने पत्ता निवडून छातीशी धरायचा, नानांनी डोळे बारीक करून चिन्ह सांगायचं. पत्त्यांच्या पाठीवर छापलेल्या फुलाची एकेक पाकळी नानांची बायको, बेबाअक्का, सुईने जराशी खरवडून ठेवायची. दर पत्त्याची पाकळी वेगळी. नाव नानांचं, डोकं तिचं.

उन्हाळ्यात अक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नानांनी मग तेच पत्ते तिच्यापुढे मांडले. लाटा म्हणजे पाणी, गोल म्हणजे भाकर, चौकोन म्हणजे झोप, फुली म्हणजे दुखतंय आणि चांदणी म्हणजे अंगणात ने. ती डाव्या हाताने उचलून दाखवायची. तेवढ्यावर दोघांचं निभत होतं.

गेल्या आठवड्यात मात्र ती सारखी चांदणीच उचलू लागली. नाना तिला अंगणात आणून बसवायचे, ती मान हलवायची, पत्ता आपटायची. आत नेलं की पुन्हा चांदणी. माणूस पार थकून गेला. "आते काय जोयजे तुले?" एकदा ते खेकसले आणि स्वतःच भिंतीला टेकून बसले. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा अक्काने पत्ता पालथा केला आणि एका पाकळीवर नख ठेवलं. खूण झिजून गेली होती. आदल्या आठवड्यात साक्रीकडच्या एका शाळेत नाना चांदणीला चौकोन म्हणाले होते, पोरं फिदीफिदी हसली होती. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. घरी म्हणाले होते, खेळ चांगला झाला.

नानांनी सुई आणून दिली. तिने डाव्या हाताने पाकळी खरवडायला घेतली, पण हात थरथरला आणि ओरखडा साऱ्या फुलावरून आडवा गेला. "मस्त व्हयनी," म्हणत नानांनी पत्ता खिशात टाकला. नवा करून घ्या, असं मी सुचवलं तर माझ्यावरच डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशीच्या खेळात पहिल्या रांगेतली पोरगी ओरडली, "नाना, पत्तावर खूण शे!" मुख्याध्यापकांनी खेळ आवरता घेतला आणि चहा पाजला. इथून पुन्हा बोलावणं येणार नाही, हे ओळखायला नानांना पत्ते लागले नाहीत.

घरी येऊन त्यांनी अक्कापुढे पत्ते मांडले. "आज बठ्ठा खेळ चांगला व्हयना," ते म्हणाले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने फुली उचलली.

"कोठे दुखस?" नाना घाबरून जवळ वाकले.

तिने तो पत्ता नानांच्या छातीशी धरला.