फुलाबाईंच्या रुखवतातलं घर

फुलाबाई गेल्या तेव्हा त्यांचं नेमकं वय लोणी भापकरात कुणालाच सांगता येईना. आधार कार्डावर एक्क्याण्णव होतं, पण त्या कार्डावर खुद्द फुलाबाईंचाच विश्वास नव्हता. "मला दुस्काळ आठवतोय, तारीख न्हाय," असं त्या म्हणायच्या. तेराव्याला मांडवात माणूस मावेना. त्यातही बायाच जास्त, आणि त्याही जळोचीपासून इंदापूरपर्यंतच्या. सून राजलक्ष्मी वाढून वाढून दमली, पण मनातून सुखावली. सासूचं नाव म्हणजे शेवटी घराचंच नाव.

हे नाव झालं होतं रुखवतामुळं. लग्नात मांडवात मांडायचं आणि नंतर नवरीबरोबर सासरी धाडायचं ते कौतुकाचं सामान. ज्वारीचं चिपाड, म्हणजे वाळलेलं ताट, सोलून फुलाबाई त्याच्या सालीची आणि आतल्या मऊ भेंडाची बैलगाडी करायच्या, विहीर करायच्या, उसाचा चरक करायच्या. खिळा नाही, डिंक नाही, सगळं बाभळीच्या काट्यांनी टाचलेलं. चरक बोटानं फिरवला की खरंच फिरायचा, आणि वराकडची म्हातारी माणसंसुद्धा पोरासारखी तो फिरवत बसायची. शिवाय प्रत्येक नवरीला वीतभर उंचीचं चिपाडाचंच एक घर असायचं, दार लावलेलं. ते देताना फुलाबाई तिच्या कानाशी लागायच्या. काय सांगतात हे कुणी विचारलं नाही. आत हळदीकुंकवाची पुडी असेल, असं राजलक्ष्मी धरून चालली होती. माणूस धरून चालतं आणि आयुष्य निघून जातं, त्यातलीच गत.

हे सगळं काम चालायचं विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत. खोलीला कायम कुलूप. फुलाबाई गेल्यापासून चावी सापडत नव्हती, म्हणून तेरावं झालं की कुलूप तोडायचं, असं राजलक्ष्मीचे मालक विजयसिंह म्हणाले होते.

जेवणं उरकली. खरकटं टाकायला राजलक्ष्मी मागं गेली आणि जागीच थबकली. पन्नाशीची एक अनोळखी बाई विहिरीवर गेली, कमरेच्या पिशवीतून चावी काढली आणि खोलीचं कुलूप उघडून सरळ आत शिरली.

"कोण गं तू? चावी कुठनं आणलीस?" राजलक्ष्मी ओरडतच धावली.

बाई घाबरली नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "मी जयवंता. वरच्या वस्तीवरची, इंदापुरात दिलेली. चावी रुखवतातली हाय वैनी. घरातली."

"कुठल्या घरातली?"

"चिपाडाच्या. फुलाआत्यांनी कानात सांगितलं हुतं, सोसंना झालं तर दार उघड. कुनाला इचारू नगंस, सरळ ये." जयवंतानं कोपऱ्यातल्या बाजेवर हात फिरवला. "पोरगी पोटात हुती तवा आले. पाच दिस हितं ऱ्हायले. आत्या दोन टाइम भाकरी आणायच्या. मग माज्या सासरी जाऊन सासऱ्याशी काय बोलल्या त्यांचं त्यांना ठावं. पर पुन्हा माज्यावर कुनी हात उचलला न्हाय."

राजलक्ष्मी खोली बघत राहिली. बाज, घोंगडी, पाण्याचा माठ, खुंटीला धुवट लुगडं. पस्तीस वर्षं ती या घरात नांदली होती आणि तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं! सासूबाई रोज दोन भाकरी जास्त न्यायच्या. "कुत्र्याला," म्हणायच्या. विहिरीवर कुत्रं कधी दिसलं नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"किती जनींना चाव्या दिल्या असतील?" तिनं विचारलं.

"जिला जिला घर दिलं तिला." जयवंता म्हणाली. "तुमच्या श्रेयाला बी दिलं असंल की."

 राजलक्ष्मी बाजेच्या कडेवर बसली.

श्रेया तिची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात राजलक्ष्मीनं रुखवत बारामतीहून सांगून आणलं होतं. फायबरची पालखी, मोत्यांचा मोर. त्यात सासूबाईंचं चिपाडाचं घर अगदीच गावठी दिसायला लागलं. व्हिडिओत कसं दिसेल? तिनं ते उचलून माळ्यावर टाकलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "घर गेलं का गं?" दोन्ही वेळा तिनं सांगितलं, "गेलं की." त्यानंतर म्हातारी रोज दिवेलागणीला विहिरीवर जाऊन बसायची. डोक्यावर परिणाम झाला म्हणून राजलक्ष्मीनंच गावभर सांगितलं होतं.

आणि गेल्या दिवाळीआधी श्रेया एकटीच आली होती. "आई, मला जायचं न्हाय," एवढंच म्हणाली. राजलक्ष्मीनं लोकलाजेपायी तिला जेवूसुद्धा न घालता दुपारच्या एसटीत बसवलं. सासूबाई त्या वेळी विहिरीवरच होत्या. त्यांना तिनं कळूच दिलं नाही.

बाहेर जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजला; तेराव्याला आलेली श्रेया परत निघाली होती. राजलक्ष्मी धडपडत घरात आली, माळ्यावर चढली. चिपाडाच्या घराचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. दार अजून बंदच होतं. खाली श्रेया बॅग हातात घेऊन उभी होती. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. हेही राजलक्ष्मीला आजच दिसलं.

"हे तुजं हाय," ती म्हणाली. घर तिनं लेकीच्या हातात दिलं. "मीच दाबून ठेवलं. उघड."

श्रेयानं दाराला टाचलेला काटा उपसला. आत लाल दोऱ्याला बांधलेली चावी होती. तिनं आईकडं बघितलं, आईनं विहिरीकडं बोट केलं. श्रेयानं चावी मुठीत घेतली. बॅग उचलून ती मागच्या दारानं निघाली.

पुन्हा हॉर्न वाजला. राजलक्ष्मी गाडीपाशी गेली. जावयासमोर ती कधी पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती. आज पदराकडं तिचं लक्षच नव्हतं.

"यशराजराव, तुमी निघा," ती म्हणाली. "श्रेया तिच्या घरात हाय."

मग ती चुलीपाशी गेली आणि दोन भाकरींचं पीठ काढलं.