नाल्यातली नारबोद

ती सकाळ माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बालाघाट शहरातल्या एका पोलीस चौकीचा मी नवाकोरा सब-इन्स्पेक्टर. नोकरीत येण्याआधी दोन वर्षं मी पत्रकं लिहून चौकाचौकांत वाटत होतो. ती सवय हाताला लागली ती लागलीच, तेव्हा गुळगुळीत लिहिण्याची अपेक्षा माझ्याकडून करू नका. नाव मात्र कुणाचंच देणार नाही. त्या पोरांची आता स्वतःची पोरं शाळेत जात असतील.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी दिवस उगवताना नारबोद काढतात. काठ्या, गवत आणि फाटकं गोणपाट बांधून एक बुजगावणं करायचं आणि वस्तीबाहेर नाल्यात नेऊन टाकायचं. "खासी-खोकला, राई-रोग घेऊन जाऽऽ री नारबोद!" असं सगळे ओरडतात. पोळ्याला दाराशी पळसाची फांदी ठेवलेली असते, तिला मेढा म्हणतात. घरातला कुणीतरी तो मेढाही त्याच मिरवणुकीत नेऊन टाकतो. मेढा दारात राहिला तर रोगराई घरातच राहिली, अशी समजूत.

मिरवणूक चौकीसमोरून गेली तेव्हा मी तोंडात दातवण धरून ओसरीवर उभा होतो. पुढे पाच पोरं पळसाच्या पानांनी मढवलेली नारबोद दोरीनं ओढत होती आणि वरून बांबूच्या काठ्या हाणत होती. मागून सगळी वस्ती ओरडत चालली होती. नारबोदीला झोडपतातच, त्यात नवल काय? मीही दातवण काढून दोनदा ओरडलो. आमचे हवालदार हसले, "साहेब, चौकीची खासीबी जाऊ द्या एकदाची."

तासाभरानं मी रोजनामचा लिहीत होतो. एक बकऱ्या चारणारा म्हातारा धापा टाकत आला.

"साहेब, नाल्यातली नारबोद कन्हून राह्यली जी."

"सकाळीच लावली का बाबा?" हवालदार म्हणाले.

"पोळ्याची कालच उतरली. चाला, पाहा."

आम्ही गेलो. सुतळीनं आवळलेलं गोणपाट होतं, त्यावर पळसाची पानं, आणि आत अकरावीत शिकणारा एक मुलगा. हाताचं हाड मोडलेलं, एका कानातून रक्त, पाठीवर वळ. नाल्याच्या काठावरच अडकला म्हणून वाचला. दोन हात पुढे पाण्यात पडला असता तर मला खुनाची केस लिहावी लागली असती.

सरकारी दवाखान्यात मुलाहिजा झाला, म्हणजे डॉक्टरनं जखमा तपासून लिहून दिल्या. मुलगा एकच शब्द बोलला, "पडलो."

"गोणपाटात?" मी विचारलं.

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शाळेत चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. मुलगा लामत्याकडच्या खेड्यातला. शहरात भाताच्या गिरणीजवळ खोली घेऊन राहायचा. कोंड्याच्या धुळीनं त्याला खोकला लागायचा. वर्गातल्या पाच जणांनी त्याचं नाव 'नारबोद' पाडलं होतं. तो वर्गात शिरला की "खासी-खोकला घेऊन जा री" सुरू. वर्ग हसायचा. एक शिक्षकही हसायचे, असं एका मुलानं मला खाली मान घालून सांगितलं. वर त्या पाचांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या यानंच लिहायच्या. पोळ्याच्या आठवड्यात तो म्हणाला, आता नाही लिहिणार. एवढाच त्याचा अपराध. याला लोक पोरांची मस्करी म्हणतात. रोज वर्षभर एकाच माणसावर होते ती मस्करी नसते, तो सराव असतो.

निरोप मिळताच दुपारच्या छोट्या, नॅरोगेज रेल्वेनं मुलाचा बाप आला. धान पिकवणारा, कमी बोलणारा माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, रिपोर्ट नोको. पोराले गावी नेतो. शिकला नाही तं नाही, जित्ता तं राहील."

त्याच्यामागून हेडमास्तर आले. शाळा सोडल्याचा दाखला तयार करूनच आणला होता. म्हणाले, "त्याच्याच भल्यासाठी." माझं डोकंच फिरलं. मारणारे वर्गात बसणार आणि मार खाणारा घरी जाणार, आणि याला म्हणे भलं! दाखला मी त्यांच्याच खिशात परत ठेवायला लावला.

मग दोघांना बाहेर बसवलं आणि मुलाजवळ स्टूल घेतलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून खरं तेच बोललो.

"आज सकाळी मीबी ओरडलो. चौकीच्या ओसरीवरून. दोनदा."

त्यानं पहिल्यांदा मान वळवली. "हे मले काहून सांगून राह्यले?"

"तू आतून ऐकत होता म्हणून."

मग तो म्हणाला, "पाचांचे आवाज वळखू आले मले. दिसलं काही नाही. चष्मा पहिलेच काढून घेतला अन् मंग गोणपाट टाकलं. पोती उचलाले म्हणून गिरणीमागं बलावलं होतं." आणि लगेच, "साहेब, माही शाळा जाईल का?"

"नाही," मी म्हणालो. असं वचन द्यायचा मला काही अधिकार नव्हता. तरी दिलं.

गुन्हा नोंदवला आणि पाचही पोरांना त्यांच्या वडिलांसकट चौकीत बोलावलं. पाच बाकांवर पाच जण, एकमेकांकडे पाठ करून. पाचांचं उत्तर एकच, तेही शब्दाला शब्द, "घरचा मेढा टाकाले गेलतो जी. नारबोद दुसऱ्याच कोणी ओढली." एक गोष्ट सांगतो. खऱ्या आठवणी थोड्या वेगवेगळ्या असतात, पाठ केलेलं सारखं असतं. पण हे माझं मत झालं, पुरावा नाही. मिरवणूक मीही पाहिली होती, पण उजाडतानाच्या अंधुकात त्या पाचांचा एकही चेहरा मला नीट दिसला नव्हता. मेढा टाकायला तर अख्खी वस्ती गेली होती. गोणपाटातून ऐकलेल्या आवाजाला वकिलानं पाच मिनिटांत उडवलं असतं. वस्तीतलं कुणी तोंड उघडायलाही तयार नव्हतं, कारण जो तो स्वतःच ओरडला होता.

वॉर्डातले एक वजनदार गृहस्थ समजूत घालायला आले. "साहेब, सणाची गंमत आहे. सोडा ना."

"सण वस्तीचा आहे," मी म्हणालो, "हाड त्याचं आहे."

इतक्यात पाचांपैकी सगळ्यात दांडग्या पोराची आई डबा घेऊन चौकीत शिरली. पोराला बाकावर पाहिलं आणि तिचा तोल गेला.

"माह्या पोराले काहून बसवलं जी? हा कोणाले मारंन? याच्या हातून काडी मोडत नाही! एवढा आयशी, कामचोर पोट्टा सोधून सापडणार नाही. सकाळी याले म्हटलं, बापू, जाता जाता मेढा घेऊन जा. नेला का? दारातच पडून हाय अजून! मी तिकडे देवाची माफी मांगून राह्यली, अन् तुम्ही याले गुंडा म्हणता?"

मी लेखणी खाली ठेवली.

"आई, चूप बैस ना!" पोरगा ओरडला.

"तू चूप बैस! खोटं बोलली का मी? साहेब, चाला घरी, दाखवते तुम्हाले मेढा!"

मी हवालदाराला पाचही घरांकडे पाठवलं. एका घरचा मेढा धाकट्या बहिणीनं नेला होता, पण बाकी चार दारांत पळसाचे मेढे जसेच्या तसे उभे होते, पानं मलूल झालेली. आमच्या वस्तीत त्या दिवशी असं होत नाही. कितीही आळशी पोरगा नारबोदीमागे जाताना मेढा नेतोच. यांचा एक हात दोरीला आणि दुसरा काठीला लागला होता, मेढा कशानं धरणार? इतका विचार करून कट रचला, पण आईनं सांगितलेलं काम तेवढं विसरले.

मी कुणालाही हात लावला नाही. त्या पोराला एवढंच विचारलं, "मेढा टाकाले गेलता ना? मंग टाकला कोणाचा?" तो रडायला लागला. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण तिच्यावरून सापडलेली वस्तू चालते. त्यानं दोन पंचांसमोर शाळेच्या सायकल स्टँडच्या कौलांत लपवलेला त्या मुलाचा चष्मा काढून दिला. एका काचेला तडा होता. त्याची आई बाजूला उभी होती. तिनं पोराला एक थप्पड मारली आणि मग दवाखान्याचा रस्ता विचारला. डबा तिनं त्या जखमी मुलाला दिला.

कोर्टात पाचही दोषी ठरले. वय पाहून त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. मला ते कमी वाटलं, आजही वाटतं. पण या केसनं एक गोष्ट शिकवली. काठ्या पाच होत्या, आणि त्यांना जोर आला तो आमच्या ओरडण्याचा. वर्गात हसणारे, रस्त्यात ओरडणारे, दाखला खिशात घेऊन फिरणारे, यांच्यावर कलम लावता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं. पुढच्या नोकरीत कुठलाही जमाव एकाला पुढे घालून चाललेला दिसला, मग तो कितीही हसत असो, मी आधी थांबवला आणि मग विचारलं. दहादा मूर्ख ठरलो. चालतं.

निकालाच्या कितीतरी आधी, हात प्लास्टरमध्ये असतानाच मुलगा शाळेत परत निघाला. बाप सोडायला आला होता. मी म्हणालो, मीही येतो.

"नोका येऊ साहेब," मुलगा म्हणाला. "पोलीस घेऊन शाळेत येते म्हणतीन. आणखी एक नाव पडंन."

संध्याकाळी मी साध्या कपड्यांत शाळेसमोरच्या सायकल दुकानात जाऊन बसलो. घंटा झाली, शाळा सुटली. तो वर्गातल्या दोन पोरांबरोबर बाहेर आला. एकानं त्याचं दप्तर घेतलं होतं.

"अबे, हळू! दौत हाय त्यात!"

"मंग तूच घे ना. एक हात तं साबूत हाय."

"तो तुले माराले ठेवला."

तिघंही हसले. तो माझ्यासमोरून, चार हातांवरून गेला. त्यानं मला पाहिलं, आणि ओळख दाखवली नाही. मला फार बरं वाटलं. मी चहा सांगितला.