तंतोतंत जुळणारे आकडे

गुरुनाथ एके काळी नव्या कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रकसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. हे काम त्याला त्या गुणावरच मिळालं असावं. गुडघेदुखीच्या व्यायामांवर जगभर निघालेले शोधनिबंध वाचायचे आणि रुग्ण किती, अर्धवट सोडून गेले किती, बरं किती जणांना वाटलं, हे आकडे तक्त्यात भरायचे. एकच निबंध दोघांनी वाचायचा, पण एकमेकांना न विचारता. म्हणजे एकाची चूक दुसऱ्यामुळे सापडते. ही दुसरी म्हणजे त्याची बायको, चारुता. डीमन या डच गावातल्या फ्लॅटमध्ये दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत. इतका प्रामाणिक अबोला भांडणातही कुणी पाळत नसेल.

दोन वर्षांत गुरुनाथ पार कंटाळला. जिना चढणारा माणूस दिसला की त्याला आधी वय विचारावंसं वाटे.

सोमवारी त्यांच्या वरिष्ठ बाईंचा, मरायकेचा, व्हिडिओ कॉल आला. आडपडदा त्या बाईच्या रक्तातच नव्हता. दोघांचे आकडे तंतोतंत जुळतात, म्हणाली, चुकांसकट. एका निबंधात एकोणीस जण सोडून गेलेत, तुम्ही दोघांनीही नऊ लिहिलेत. एकमेकांचं बघून लिहिलं असेल तर दोघांनाही काढावं लागेल.

दोघांचा इथं राहायचा परवाना त्या नोकरीलाच टांगलेला. आणि तो नऊ कुठून आला, हे गुरुनाथला पक्कं ठाऊक होतं. निबंधाच्या सुरुवातीच्या सारांशात लेखकानंच चुकीचा आकडा दिला होता.

"कॉपी नाही केली," तो इंग्रजीत म्हणाला. "मी... नुसते सारांशच वाचत होतो."

मागून आवाज आला, "मीपण."

त्यानं गर्रकन वळून मराठीत विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. तू?"

"गणपतीपासून."

"म्हणजे मी दोन महिने एकटीच मरमर वाचत होते? शहाणाच आहेस!"

मरायकेनं सारांश ताडून पाहिले. सगळ्या चुका तिथल्याच निघाल्या. नोकरी राहिली, पण गणपतीपासूनचं सगळं पुन्हा वाचायचं, अख्खं, आणि चारुतानं हार्लेमच्या ऑफिसात बसून.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे चोळत गुरुनाथनं तिला मेसेज टाकला, "जेवलीस का? एवढं विचारलेलं चालतं ना?"

"चालतं. तू कितव्या पानावर आहेस?"

"ते नाही सांगता येणार," त्यानं लिहिलं, आणि पहिल्याच निबंधाचं दुसरं पान उघडलं.